सांधा काढा, वाक आणा: आधुनिक खुर्ची कशी घडली

जुनी लाकडी खुर्ची डुगडुगायला लागली की बहुतेक वेळा एकाच जागी सैल झालेली असते: बैठकीची बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तिथे. बसणारा मागे रेलला की पाठीवरचा सगळा रेटा तरफेसारखा त्या सांध्यावर येतो. सांधा जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर उंच, पाठीचा वरचा काठ त्याच्यावर चाळीस-पन्नास सेंटिमीटर. म्हणजे पाठीवर दहा किलोचा रेटा पडला तर सांध्याच्या कडांना त्याच्या आठेक पट ओढ बसते. त्यात लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सरस सुटतो, खाचेत बसवलेलं टोक हलू लागतं, आणि एकदा हललं की प्रत्येक बसण्यासरशी खाच रुंदावत जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० च्या दशकापर्यंत युरोपात ज्या खुर्च्या घडल्या आणि ज्यांना आपण आज ‘मॉडर्न’ म्हणतो, त्यांच्यातल्या बऱ्याचशा या एका सांध्यापासून सुटका करून घेण्याच्या खटपटीतून आल्या आहेत. दोन तुकडे जोडण्याऐवजी एकच तुकडा वाकवायचा. आधी लाकूड, मग पोलादी नळी, मग प्लायवूड. चकाकी, साधेपणा, हलकेपणा हे सगळं मागाहून आलं. हे ध्यानात ठेवून त्या खुर्च्या पाहिल्या तर प्रत्येक वळण कशासाठी आहे ते कळतं.

वाफेवर वाकवलेलं लाकूड

मिशाएल थोनेट हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, जन्म १७९६ चा. १८३० च्या दशकात त्याने लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, साच्यात एकावर एक वाकवून खुर्च्या करायला सुरुवात केली. खुर्च्या सुंदर होत्या, पण त्यांचा जीव सरसात होता. प्राण्यांच्या हाडा-कातड्याचा तो सरस दमट हवेत मऊ पडतो आणि पट्ट्या सुटतात. समुद्रापार माल पाठवायचा तर अखंड लाकूडच वाकवायला हवं होतं.

यातली अडचण कुणालाही करून पाहता येते. ओली काठी गुडघ्यावर वाकवा: आतल्या बाजूने ती दबते, बाहेरच्या बाजूने चिरते. वाफवलेलं लाकूड दाबलं तर त्याचे तंतू लांबीच्या पाव भागापर्यंतही आखडून घेतात, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांतच तुटतात. थोनेटने शोधलेला तोडगा असा: वाकवण्याआधी दांड्याच्या बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी लावायची आणि दोन्ही टोकांना ती घट्ट अडकवायची. आता बाहेरची बाजू लांबूच शकत नाही. सगळा वाक आतल्या बाजूच्या दबण्यातून येतो, आणि दबणं लाकडाला सोसतं. बीच या युरोपीय झाडाचं अखंड लाकूड वाकवण्याच्या या पद्धतीचा एकट्याचा हक्क (पेटंट) त्याला १८५६ मध्ये मिळाला, आणि मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कोरीचानीला, बीचच्या जंगलाजवळ, कारखाना उभा राहिला.

ही पद्धत आजही वापरतात, म्हणून थोडं तपशिलात सांगण्यासारखं आहे. बीचचा ओंडका रेषेला, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेला, धरून चौकोनी दांड्यांत कापायचा. रेषा तिरकी होऊन दांड्याच्या बाहेर पडत असेल तर तो दांडा बाजूला काढायचा, कारण तो तिथेच फाटणार. गाठ असलेलाही नको. मग दांडा लेथवर कातून गोल करायचा. लाकूड भट्टीत कडक वाळवलेलं नसावं. वीस-पंचवीस टक्के ओल असलेलं उत्तम वाकतं. पेटीत वाफ द्यायची, साधारणपणे इंचभर जाडीला तासभर. वाफेने तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन मऊ होतो. पेटीतून काढल्यावर हातात अगदी थोडी मिनिटं असतात, तेवढ्यात पट्टी लावून दांडा लोखंडी साच्याभोवती वळवून जखडायचा. दांड्याचं टोक आणि पट्टीचा अडसर यांच्यात फट राहिली तर पट्टीचा उपयोगच उरत नाही आणि वळणाच्या पाठीवर आडवी चीर पडते. साच्यासकट वाळवल्यावरही दांडा थोडा उलगडतो, म्हणून साचा हव्या त्या वळणापेक्षा किंचित जास्त वळलेला ठेवतात.

१८५९ ची १४ नंबरची खुर्ची या सगळ्याचं फळ. सहा लाकडी भाग: मागचे दोन पाय आणि पाठीची कमान मिळून एकच लांब दांडा, पाठीतली आतली छोटी कमान, बैठकीचं कडं, पुढचे दोन पाय आणि पायांना बांधणारं खालचं कडं. जोडणीला दहा स्क्रू आणि दोन नट. जिथे जुनी खुर्ची मोडायची तिथे आता मागचा पाय न तुटता पाठ होऊन वर जातो. बैठक त्याला स्क्रूने आवळलेली, म्हणजे सैल झाली तर पुन्हा आवळता येते. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत आणि मुक्कामी पोचल्यावर जोडल्या जात. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. सुटे भाग सपाट खोक्यात घालून विकण्याचं आजचं सगळं फर्निचर याच वाटेने आलेलं आहे.

थोनेटची मक्तेदारी १८६९ मध्ये संपली आणि ‘याकोब आणि योसेफ कोन’ या कंपनीसारखे स्पर्धकही याच तऱ्हेच्या खुर्च्या काढू लागले. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती दिसतात त्या याच घराण्यातल्या. अशी खुर्ची तुमच्याकडे असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: तिला खिळा मारू नका. दबलेल्या तंतूंत खिळा पाचरीसारखा शिरतो आणि लाकूड रेषेने उकलतं. खुर्ची उलटी करून बैठकीखालचे स्क्रू आवळा. भोक मोठं झालं असेल तर त्यात लाकडाची काडी सरस लावून ठोका, सुकू द्या, मग तोच स्क्रू पुन्हा बसवा.

नळी

नव्या विचाराच्या वास्तुकारांनी ही खुर्ची अडगळीत टाकली नाही. आडोल्फ लोसने १८९९ मध्ये व्हिएन्नातलं काफे मुझेउम सजवलं ते वाफेवर वाकवलेल्या खुर्च्यांनीच. ल कॉर्ब्युझिएने १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या आपल्या दालनात थोनेटच्या हातवाल्या खुर्च्या मांडल्या. शेजारच्या दालनांत महागडं नक्षीकाम होतं. कारखान्यात घडलेली, बिननक्षीची, घरोघर असलेली वस्तूही उत्तम असू शकते, हे त्याला दाखवायचं होतं आणि त्यासाठी साठ-सत्तर वर्षं जुनी पद्धत पुरेशी होती.

त्याच वर्षी जर्मनीतली बाउहाउस ही कला-कारागिरीची शाळा वायमारहून डेसाऊला गेली. वास्तुकार वॉल्टर ग्रोपियसने १९१९ मध्ये काढलेल्या या शाळेच्या फर्निचर कार्यशाळेची जबाबदारी मार्सेल ब्रॉयर या हंगेरीच्या तेवीस वर्षांच्या तरुणाकडे आली. आपल्या आडलर सायकलच्या हँडलकडे पाहून त्याच्या मनात आलं की नळी इतकी सहज वाकते तर तिची खुर्ची का होऊ नये. याला आधार होता मानेसमान बंधूंचा. त्यांनी १८८० च्या दशकात बिनजोड पोलादी नळी काढण्याची रीत शोधली होती. जोडाची नळी वाकवताना शिवणीवर उकलते, बिनजोड नळी तशी उकलत नाही. ब्रॉयरची पहिली नळीची आरामखुर्ची, आज ‘वासिली’ म्हणून ओळखली जाणारी, १९२५-२६ ची. तिच्यात बैठक आणि पाठ म्हणजे नळ्यांमध्ये ताणलेले कापडाचे पट्टे. शरीर पोलादाला टेकतच नाही. कापडही खास होतं, मेण देऊन घोटलेल्या सुताचं, ‘लोहसूत’ म्हणत त्याला, कारण साधं कापड आठवड्या-महिन्यांत झोळीसारखं लोंबतं.

दोनच पाय

यानंतरची उडी सगळ्यात धाडसाची आहे. १९२६ मध्ये मार्ट स्टाम या डच वास्तुकाराने गॅसच्या नळ्या आणि त्यांचे काटकोनी जोड घेऊन मागचे पाय नसलेली खुर्ची बांधली. १९२७ मध्ये श्टुटगार्टच्या वायसेनहोफ वसाहतीत, जिथे सतरा वास्तुकारांनी नमुन्याची घरं बांधली, तिथे तिची सुधारलेली आवृत्ती लोकांनी पाहिली. त्याच ठिकाणी मीस व्हान डेर रोह या जर्मन वास्तुकाराची वेगळी खुर्चीही होती. स्टामच्या नळ्यांत मजबुतीसाठी आतून भर घातलेला होता, त्यामुळे ती ताठ राहिली. मीसने पुढचे पाय मोठ्या अर्धवर्तुळात वळवले आणि खुर्ची झुलू लागली. ब्रॉयरची बी-३२, नंतर ‘चेस्का’ नावाने गाजलेली, १९२८ ची.

मागे पाय नसताना माणूस पडत कसा नाही? खुर्चीचा तळ जमिनीवर मागपर्यंत आलेला असतो, म्हणून ती उलटत नाही. प्रश्न उरतो तो वाकून जाण्याचा. ऐंशी किलोचा माणूस बसला आणि त्याचा भार पुढच्या उभ्या नळ्यांच्या सुमारे २५ सेंटिमीटर मागे पडला असं धरू. ऐंशी किलोचा भार म्हणजे साधारण ८०० न्यूटन; ८०० न्यूटन गुणिले पाव मीटर, म्हणजे २०० न्यूटन-मीटरचा पीळ दोन नळ्यांत वाटला जातो, प्रत्येकी १००. नळी २५ मिलिमीटर व्यासाची आणि दोन मिलिमीटर जाड असेल (बाजारात चौदा गेज म्हणून मिळते ती), तर पोलादावर येणारा ताण साधारण १३० मेगापास्कल. साध्या पोलादाची सोसण्याची हद्द सुमारे २५०. चांगली सोय राहते. आता त्याच मापाची अठरा गेजची नळी घ्या, जाडी १.२ मिलिमीटर. ताण २०० च्या जवळ जातो. सावकाश बसलात तर निभेल, पण धपकन बसलात की भार क्षणभर दुप्पट होतो, हद्द ओलांडली जाते आणि नळी थोडी कायमची वाकते. स्वस्तातल्या झुलत्या खुर्च्या वर्षा-दोन वर्षांत मागे कललेल्या दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

झुलण्याबद्दल एक गैरसमज आहे की ‘स्प्रिंगचं पोलाद’ वापरलं की खुर्ची जास्त झुलते. पोलाद कुठल्याही प्रतीचं असो, त्याचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. भारी प्रतीचं पोलाद जास्त वाकून परत सरळ होऊ शकतं, एवढाच फरक. झुलणं येतं ते नळीच्या लांबीतून आणि वळणाच्या आकारातून. मीसची अर्धवर्तुळं म्हणूनच मऊ बसतात; लांब नळीभर वाक वाटला जातो. पण तेच वळण पुढे आलेलं असल्याने उठता-बसता पायात येतं. ब्रॉयरचं डिझाइन यातला मध्य साधतं आणि मला ते या सगळ्यांत उजवं वाटतं. त्याची नळी वर पाठीपाशी आडवी जोडलेली नाही. दोन टोकं मोकळी आहेत आणि त्यांना एकत्र धरण्याचं काम बैठकीच्या व पाठीच्या लाकडी चौकटी करतात. म्हणून चेस्का पद्धतीच्या खुर्चीत चौकटीचे स्क्रू सैल झाले की खुर्ची बाजूला मुरडते. आधी स्क्रू पाहायचे, नळीला दोष मागाहून द्यायचा.

त्या चौकटीतली वेताची जाळी तयार विणलेली मिळते. ती पाण्यात भिजवून मऊ करायची, चौकटीच्या खोबणीत दाबून बसवायची आणि वरून वेताची दोरी सरस लावून ठोकायची. सुकताना वेत आकसतो आणि ताठ होतो. कोरडीच बसवली तर पहिल्याच महिन्यात खड्डा पडतो. बसवतानाच हाताने जोर लावून ताणली तर सुकताना खोबणीपाशी तुटते.

नळी वाकवतानाही काळजी आहेच. बाहेरची भिंत ताणून पातळ होते, आतली चुरगळते, आणि गोल नळी वळणावर चपटी होते. चपटी नळी कमजोर. म्हणून आत दांडा सरकवून किंवा कोरडी वाळू ठासून वाकवतात. वाळू ओली असेल आणि नळी तापवली तर वाफ कोंडून टोकाचं बूच गोळीसारखं उडतं, तेव्हा वाळू आधी भाजून घ्यायची. वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी ठेवू नये.

या दोन पायांच्या कल्पनेवर कोर्टकज्जेही झाले. १९३२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने सरळ काटकोनी वळणांच्या झुलत्या खुर्चीचं कलात्मक श्रेय स्टामचं असल्याचा निर्णय दिला.

लाकूड पुन्हा

फिनलंडचा आल्व्हार आल्टो १९२९ ते १९३३ या काळात पाइमिओचं क्षयरोग्यांचं रुग्णालय बांधत होता. पोलादी नळी हाताला थंड लागते आणि तिच्यावर प्रकाश चमकतो. दिवसभर बसून राहणाऱ्या आजारी माणसाला दोन्हींचा त्रास. त्याने बर्च झाडाच्या लाकडाचं प्लायवूड एका सलग लाटेत वाकवून बैठक-पाठ केली आणि पाठीचा कोन रुग्णाला श्वास घ्यायला सोपं जावं असा ठेवला. त्याचं १९३३ चं तीन पायांचं स्टूल तर जवळून पाहण्यासारखं आहे. पाय अखंड बर्चचा, फक्त वरच्या टोकाला रेषेच्या दिशेने बारीक चिरा पाडलेल्या. त्या चिरांत पातळ पट्ट्या सरसाने भरायच्या आणि ते टोक काटकोनात वाकवायचं. खाली सरळ ठोकळा, वर प्लायवूडसारखं वळण. पाय थेट बैठकीच्या खालून स्क्रूने लागतो, ना चौकट ना आडवी पट्टी. तीन पायांमुळे ओबडधोबड जमिनीवरही ते डुगडुगत नाही.

घरातही तेच

इमारतीत भिंत ही जुन्या काळी भारही उचलायची आणि आडोसाही द्यायची. ल कॉर्ब्युझिएने १९१४ मध्ये काढलेल्या ‘डोम-इनो’ आराखड्यात काँक्रीटचे स्लॅब, काठापासून आत घेतलेले खांब आणि एक जिना एवढंच आहे. भार सांगाड्यावर गेला, भिंत मोकळी झाली. ब्रॉयरच्या खुर्चीत नळी आणि कापड यांची वाटणी झाली तशीच. खांब आत घेतल्यावर स्लॅबचा काठ अधांतरी बाहेर येतो, म्हणजे मागचे पाय नसलेली खुर्चीच.

आपल्या इमारतींतल्या बाल्कन्या याच तत्त्वावर उभ्या आहेत, आणि तिथली सगळ्यात महागात पडणारी चूकही साधी आहे. अधांतरी स्लॅबला ओढ वरच्या बाजूला बसते, त्यामुळे मुख्य सळ्या वर हव्यात आणि आतल्या स्लॅबमध्ये बाल्कनीच्या लांबीच्या दीडपट तरी गेलेल्या हव्यात. वरच्या सळ्या उचलून धरायला खाली वाकवलेल्या सळ्यांच्या ‘चेअर’ ठेवतात. त्या कमी असल्या तर काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायाखाली सळ्या दबून मध्यावर जातात आणि पुढे भिंतीलगत वरच्या बाजूने चीर पडते. कोबा आणि फरशी झाल्यावर ही चूक दिसत नाही, म्हणून ओतकामाच्या दिवशी उभं राहून पाहिलीच पाहिजे.

सपाट गच्ची हा याच मंडळींचा दुसरा वारसा, आणि पॅरिसजवळच्या प्वासीची व्हिला साव्हॉय (१९३१) त्यासाठीच गळत राहिली. मालकीणबाईंची तक्रारीची पत्रं प्रसिद्ध आहेत. सपाट म्हणजे खरोखर सपाट ठेवली की पाणी साचणारच. आपल्याकडच्या पावसात ब्रिकबॅट कोब्याला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार आणि कठड्यालगत गोल वाटा (कोपरा गोलसर भरून घेणं) लागतो.

या विचाराचा मराठी मुलखाशी सरळ दुवा आहे तो अच्युत कानविंदे यांचा. कोकणातल्या आचऱ्याला १९१६ मध्ये जन्मलेले कानविंदे मुंबईच्या सर जे. जे. मध्ये शिकले आणि १९४० च्या दशकात हार्वर्डला खुद्द ग्रोपियसच्या हाताखाली. परतल्यावर त्यांनी अहमदाबादच्या अटिरा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या आणि आयआयटी कानपूरच्या इमारती उभारल्या.

चंडीगडच्या खुर्च्यांनी मात्र वेगळीच वाट धरली. ल कॉर्ब्युझिएने आराखडा केलेल्या या शहरात १९६५ पर्यंत राहिलेल्या त्याच्या चुलतभावापुढे, वास्तुकार पिएर जानरे यांच्यापुढे, वाफेची यंत्रं नव्हती; सागवान, वेत आणि हाताने काम करणारे सुतार होते. तेव्हा वाकवण्याचा प्रश्नच नव्हता, सांधे ठेवणं भाग होतं. त्यांनी पाय उलट्या ‘व्ही’सारखे तिरके जोडले. त्रिकोणाच्या बाजू न मोडता त्याचा आकार बदलत नाही, त्यामुळे पुढे-मागे रेटा आला तरी सांधा मुरडत नाही, फक्त दबतो किंवा ओढला जातो. सांधा टाळता येत नसेल तर त्याच्यावरचा पीळ काढून घ्यायचा, हे त्या तिरक्या पायांचं काम. पुढे सरकारी आवारांत मोडीत पडलेल्या याच खुर्च्या परदेशी लिलावांत मोठ्या किमतींना गेल्या.

शून्य सांधे

या वाटेचं शेवटचं टोक तुमच्या गच्चीत किंवा मांडवात असतं: एकसंध प्लास्टिकची खुर्ची. वितळलेलं पॉलिप्रॉपिलिन साच्यात दाबून मिनिटभरात बाहेर येते. भाग एक, स्क्रू शून्य. तिचे पाय पन्हळीसारखे दुमडलेले असतात, कारण पातळ पत्रा दुमडला की ताठ होतो. वजनाला हलकी, एकावर एक रचता येणारी, पावसात भिजली तरी न बिघडणारी आणि कुणालाही परवडणारी. कारखान्यातून प्रत्येकासाठी चांगली वस्तू यावी असं म्हणणाऱ्या बाउहाउसच्या लोकांना ती नाकारता आली नसती.

तिची दुखणीही ठरलेली आहेत. गुळगुळीत फरशीवर पाय बाहेर घसरतात आणि बैठक-पाय मिळतात त्या कोपऱ्यावर ताण येऊन तडा जातो. उन्हाने प्लास्टिक पांढुरकं, ठिसूळ होतं. नखाने खरवडल्यावर पूड निघाली तर त्या खुर्चीवर जड माणसाला बसवू नका. आणि तडा गेल्यावर ती दुरुस्त होत नाही. पॉलिप्रॉपिलिनला घरातला कुठलाही गोंद धरत नाही. तापवून सांधलं तरी तो भाग आधीइतका मजबूत राहत नाही. सगळे सांधे गेले, त्यांच्याबरोबर आवळायचा स्क्रूही गेला. दीडशे वर्षांपूर्वीच्या १४ नंबरला दहा स्क्रू होते, आणि त्यांतली जी खुर्ची आज वापरात आहे ती त्या दहा स्क्रूंमुळे.